माडाचं पाणी

त्या वेळी मनोरीला गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही गावाच्या टोकाला. सखुबाईच्या दारात मात्र द्राक्षाचा वेल होता. मालाडच्या बाजारात मासे विकायला जायची तिथे एका नाशिकवाल्याने तिला काडी दिली होती. दोन वर्षांत वेल मांडवभर पसरला, आणि सदुसष्ट सालच्या मार्गशीर्षात त्याची पानं करपायला लागली.

दीर धर्मा टपूनच होता. त्याला त्या जागी बोंबील सुकवायची बांबूंची वलांड घालायची होती.

"वहिनी, रोग लागला याला. रविवारी तोडतो."

"कुठला रोग?"

"मला काय ठाऊक? मी मासे धरतो."

"मग मासेच धर. मला एक महिना दे."

"पौर्णिमेपर्यंत दिला. पण मग रडायचं नाय हां."

शेजारची कमळ म्हणाली, भुरी असेल, गंधक मार. सखुबाईने पान बोटाने पुसून पाहिलं. भुरी असती तर पिठासारखी बोटाला आली असती. पान उलटं केलं, खाली बुरशीचा कापूस नव्हता. वर पिवळे डागही नव्हते. फक्त कडा करपलेल्या, विस्तवाला लागल्यासारख्या, आणि त्याही आधी खालच्या जुन्या पानांच्या. म्हणजे दुखणं मुळातून वर चढत होतं.

तिने बुडाची चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट.

ती तिथेच बसली. खारे मासे धुतलेलं पाणी पावसाळा सरल्यापासून रोज तीच वेलाला घालत होती. सासूने माडांना घातलं, तिने घातलं, माड कसे तरारले होते. जे माडाला मानवतं ते द्राक्षाला का मानवू नये, असं ती धरून चालली होती.

"कमळ, रोगबिग काही नाही गं. मीच मिठात घातला त्याला."

"आता?"

"आता धुवायचा."

बुडाची वीतभर माती तिने खरवडून खाडीकाठी टाकली, शेणखत पसरलं. बाजाराची पाटी उचलण्याआधी सहा हंडे, परतल्यावर सहा. सगळं विहिरीचं पाणी, एकदम भरपूर, म्हणजे मीठ वाळूतून खाली उतरेल. नवरा लहू म्हणाला, "घरात प्यायला ठेव जरा." तिने त्याच्या हातात रिकामी कळशी दिली. खांदा सुजला तेव्हा तिने हंडा कमरेवर घेतला. करपलेली पानं हिरवी होणार नव्हती, हे तिला कळत होतं. ती फक्त शेंड्याकडे बघायची.

पौर्णिमेला धर्मा कोयता घेऊन आला. सखुबाईने शेंडा खाली ओढून त्याच्यापुढे धरला. चार नवी पानं, पोपटी, कडेपर्यंत कोवळी. त्याने अंगठा कडेवरून फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"मग माझी वलांड?"

"घरामागे घाल. तिथे नुसतं रान माजलंय," ती म्हणाली. "कोयता आणलाच आहेस, लाग कामाला."