फेरपरीक्षेचं फूल

सिद्धीचे वडील विद्याधरराव चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. होणाऱ्या जावयासाठी त्यांची अट एकच होती: डोंगरावरच्या गवताळ पठारावरून एक रानफूल आणायचं आणि मोबाइलला न विचारता ओळखून दाखवायचं. शुभंकर पुण्याचा, नोकरी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत. त्याला खात्रीने ओळखता येणारी फुलं दोनच, गुलाब आणि झेंडू. तरी तो शनिवारी चिकमगळूरचा डोंगर चढला, पिवळ्या फुलांची एक डहाळी आणली, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली आणि पिवळ्या रानफुलांपैकी एकाचं नाव पाठ केलं.

रविवारी साडेअकराला सिद्धी वडिलांना घेऊन आली. शुभंकरने फ्रिज उघडला. डबा नव्हता. तो ओट्यावर घासून पालथा घातलेला होता.

घरमालकीण अंबुबाई खालच्या मजल्यावर राहत. घराणं कैक पिढ्या बेंगळुरूचं. जादा किल्ली त्यांच्याकडे असे, आणि भाडेकरूचा फ्रिज रविवारी आवरणं हे त्या आपलं कामच समजत. तिघं खाली गेले.

"ते सोप्पु, ती पालेभाजी होय? स्वल्पच होतं रे," त्या म्हणाल्या. "पालकाबरोबर सांबारात घातलं."

फुलं देवाला वाहिली होती.

विद्याधररावांनी चष्मा बदलला. देवाला नमस्कार करून एक फूल उचललं, पळीने सांबारातलं पान काढून बशीत पसरलं आणि शुभंकरकडे पाहिलं.

"सोनकी," शुभंकर म्हणाला.

सिद्धीने छताकडे पाहिलं. सोनकी म्हणजे सूर्यफुलाची धाकटी बहीण, हे तर वाटाण्याच्या फुलासारखं दिसतंय, वर दोन लाल ठिपके, असं विद्याधररावांनी शांतपणे समजावलं. मग विचारलं, पान शिवल्यावर मिटत होतं का? शुभंकरने पानाला बोटही लावलं नव्हतं.

"मिटत होती की," अंबुबाई म्हणाल्या. "धुताना सगळी लाजली. मला वाटलं, कोवळी आहेत."

विद्याधररावांचा चेहरा उजळला. हे कवळ्याच्या भाऊबंदांपैकी, त्यांनी जाहीर केलं. कोकणात कवळ्याची भाजी करतात. नेमकी जात मात्र आता सांगता येणार नाही, कारण पुरावा शिजला आहे. मग तो पुरावा त्यांनी भातावर दोनदा वाढून घेतला.

हात धुऊन निकाल दिला: अंबुबाई पास, शुभंकरची पुढच्या रविवारी फेरपरीक्षा, फूल नवं.

या खेपेला फ्रिजला हात लावू नका, अशी शुभंकरने अंबुबाईंना विनवणी केली.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "पण जास्त आण. एवढ्यात चौघांचं भागत नाही."