चंदेरी जाऊळ

“हात नका लावा, भाऊ! जाऊळ व्हवाशिवाय कातर लावानी नही. त्याना बठ्ठा केस देवीना शेतस!”

यशोदाबाईंनी नातवाचं डोकं पदराखाली झाकलं. शालिग्राम यांनी कात्री टेबलावर ठेवून दिली. धुळ्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून त्यांची एकतीस वर्षं गेली होती. रागावलेल्या माणसाशी बोलताना आधी हातातलं खाली ठेवावं, एवढं त्यांना कळत होतं.

पोरगा पंधरा महिन्यांचा. कागदावर नाव दीपक. पण सारखा आजारी, म्हणून नजर लागू नये यासाठी आजीनं ठेवलेलं नाव उखर्डू. ताप तिसऱ्यांदा आला होता. पोट फुगलेलं, रक्तातल्या पेशी घटलेल्या. डॉक्टरांना रक्ताच्या कर्करोगाची शंका होती आणि ते उद्याच त्याला कर्करोगाच्या दवाखान्यात पाठवणार होते.

शालिग्राम यांनी मात्र सकाळपासून त्याच्या रक्ताची काच दोनदा तपासली होती. कर्करोगाच्या पेशी दिसत नव्हत्या. आणि पोराचे केस, भुवयांचेसुद्धा, नव्या कल्हईसारखे चंदेरी होते. असा एक आजार त्यांनी पुस्तकात वाचला होता. डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता.

“अक्का, एक केस पाहिला तर कळेल. चुकीच्या दारात महिना गेला तर पोरगा हाती लागणार नाही.”

“आत्या, घेऊ द्या ना एक,” नूतन हळूच म्हणाली. ती उखर्डूची आई, यशोदाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी आणि आता सूनही.

“तू गप ऱ्हाय. देवीले काय सांगशी?”

शालिग्राम यशोदाबाईंकडे वळले. “कापलेलाच हवा असं नाही. गळालेला असला तरी चालेल.”

यशोदाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कमरेच्या पिशवीतून एक लाल पुरचुंडी काढली. “डोकावरथून पडेल एक केस बी मी फेकेल नही. बठ्ठा देवीले देवाना शेतस.” पुरचुंडी सोडता सोडता त्या थबकल्या. “पण माले परत दिशात ना?”

“देईन.”

तपासायचा केस ते एरवी डिंकात कायमचा चिकटवत. आज त्यांनी काचेवर पाण्याचा एकच थेंब टाकला. केस ठेवला, वर पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

रंग केसभर बारीक धुळीसारखा पसरलेला असायला हवा. इथे ठिकठिकाणी गोळे साचले होते, शाई सांडल्यासारखे.

“काका, मला दाखवा!” नऊ वर्षांची भूमिका, उखर्डूची बहीण, केव्हाची टाचा उंचावून उभी होती. त्यांनी तिच्यासाठी स्टूल ओढलं.

“पेशीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात,” ते म्हणाले. “त्या कडेला आल्या की तिथं बांधून ठेवायच्या, म्हणजे रंग केसात उतरतो. हे काम एक छोटंसं प्रथिन करतं, रॅब सत्तावीस ए. जीटीपी नावाचा रेणू धरला की ते कामाला लागतं. त्या जीटीपीचा एक तुकडा तुटून त्याचं जीडीपी झालं की थांबतं. दीपकमध्ये बहुतेक हेच प्रथिन बिघडलंय.”

“म्हणून केस चंदेरी. पण मग ताप का येतो? केसांनी कुठे ताप येतो?”

शालिग्राम खूश झाले. इतक्या वर्षांत शिकाऊ मुलांपैकीही फार थोड्यांनी हा प्रश्न विचारला असता.

“जंतूंशी लढणाऱ्या पेशींतही पिशव्या असतात, विषाच्या. त्याही हेच प्रथिन कडेला बांधतं. ते नसलं तर पेशी शत्रूला जाऊन भिडते, पण विष बाहेर पडत नाही. लढाई संपतच नाही. मग अंग तापत राहतं.”

“म्हणजे भांडायला गेली आणि हात बांधलेले!”

“अगदी तसंच.”

यशोदाबाई खाली बसल्या. “आन् मी गावभर सांगू, मना नातू चांदीना राजा शे. मनीच नजर लागनी का, भाऊ?”

“नाही, अक्का. आईकडून एक नि बापाकडून एक, बिघडलेली जनुकं आली असणार. त्यात कुणाचीच चूक नाही.”

केसाचं छायाचित्र टिपून ते स्वतः काच घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कर्करोगाच्या दवाखान्यासाठी लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि मुंबईला फोन लावला. शालिग्राम यांनी केस टिपकागदानं कोरडा करून यशोदाबाईंच्या तळहातावर ठेवला.

मुंबईच्या जनुक तपासणीत तेच निघालं. औषधांनी ताप आटोक्यात आणला आणि अस्थिमज्जा जुळली ती भूमिकाची; तीच त्याला दिली. पुढे हा आजार डॉक्टरांच्या परिषदेत मांडला गेला. पडद्यावर त्या केसाचं मोठं चित्र होतं, खाली डॉक्टरांची नावं होती. शालिग्राम मागच्या खुर्चीवर बसून ते चित्र पाहत होते. गोळे स्पष्ट आले होते. कडा कुठेही पुसट नव्हती.

दीड वर्षानं सगळी मंडळी पुन्हा प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. उखर्डू आजीचं बोट सोडून आत पळत आला.

“काका, जाऊळ झालं, तरी नवे केसही चंदेरीच आले,” भूमिका म्हणाली. “असं कसं?”

“रंगाच्या पेशी त्याच्याच आहेत. रक्ताच्या मात्र आता तुझ्या.”

ती एकदम ताठ उभी राहिली.

इतक्यात शालिग्राम यांचं लक्ष पोराच्या वाहत्या नाकाकडे गेलं. “ताप आला होता?”

“उना व्हता. तीन दिन,” यशोदाबाई म्हणाल्या.

“मग? काय दिलं?”

“काहीच नही. डाक्टरनी तपासं, घर धाडी दिधं. चौथा दिन आपोआप उतरी गया.”

शालिग्राम यांनी भूमिकाच्या पाठीवर थाप दिली. बाहेर रांगेत बायका आपापल्या चिठ्ठ्या घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं पोराकडे पाहून विचारलं, “काय झालं हो त्याला?”

यशोदाबाईंनी नातवाचं नाक पदरानं पुसलं, त्याला कडेवर घेतलं आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सर्दी शे, बाई. नुसती सर्दी!”