चार किलो जास्त भरलेला गालिचा

मी काशानचा गालिचा बोलतोय. सतरंजी म्हणाल तर याद राखा! इराणात तीन बहिणींनी चौदा महिने मागावर बसून मला विणलं. थोरली नक्षी बघून रंग ओरडून सांगायची, धाकट्या दोघी गाठी मारायच्या. पिवळा रंग तर अस्सल डाळिंबाच्या सालींचा. एवढं खानदान, आणि नशिबी काय आलं, तर सौदीतल्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये अंगावर फरसाण सांडून घेणं.

मला आणलं हाशमने. माणूस रत्नागिरीकडचा, इथे एसी दुरुस्त करतो. त्याची बायको मुन्नी मला जिवापाड जपते. त्यांची निदा माझ्यावरच रांगली, माझ्यावरच... जाऊ दे, लोकर धुता येते.

यंदा जुलैत हाशमचं इथलं काम खलास झालं. कायमचं घरी जायचं ठरलं. मला न्यायचं की नाही, यावर आठवडाभर खल चालला. कारण सामानाला वजनाची मर्यादा, आणि हाशमची थोरली बहीण शरफुन्निसा हिने वाघाचं चित्र असलेलं जाडजूड ब्लँकेट मागवलेलं. कोकणातल्या उकाड्यात ब्लँकेट! पण आपाला नाही म्हणायची हाशमची छाती नाही. मला खांद्यावर घेऊन तो वजनकाट्यावर चढला, मग नुसताच चढला, वजाबाकी केली. वाघ आणि मी, दोघेही बसत होतो बुवा.

तेवढ्यात मुन्नीला हुक्की आली. मळका गालिचा सासरी कसा न्यायचा? निघायच्या आदल्या दिवशी तिने मला गच्चीवर नेऊन साबणाने घसाघसा धुतलं. लोकर ती! बादल्याच्या बादल्या पाणी प्यालो. त्यात खोबरची दमट हवा, सुकतोय कसला. हेअर ड्रायर झाला, इस्त्री झाली, पण मी आपला ओला तो ओलाच.

दम्मामच्या विमानतळावर सामान चार किलो जास्त भरलं. काउंटरवरच्या माणसाने काहीतरी काढायला सांगितलं. मुन्नीला रडू फुटलं.

"मीच भिजवलं त्याला. राहू दे इथेच."

माझ्या तर गाठी सुटायची वेळ आली. हाशमने बॅग उघडली. मला डोळे नाहीत, तरी मी ते गच्च मिटले. त्याने माझ्या शेजारचा वाघ ओढून काढला, चेन लावली आणि ते ब्लँकेट स्वतःभोवती गुंडाळून घेतलं. बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन.

"रडू नको, मुन्नी," तो म्हणाला. "मला थंडी वाजतेय."

मी आता पट्ट्यावरून आत निघालोय. मंडळी, मुंबईच्या विमानात कुणी वाघ पांघरून घामाने निथळत बसलेला दिसला, तर हसू नका. एसी तेवढा वाढवायला सांगा.