वळसा

बाबांच्या कयाकच्या, त्या अरुंद होडीच्या आत, जिथे गुडघे वरच्या बाजूला टेकतात, तिथे फोमचे दोन तुकडे चिकटवलेले होते. उजवा दबून चपटा झालेला, काचेसारखा गुळगुळीत. डावा मात्र चिकटवला त्या दिवसाइतकाच कोरा. तिने दोन्हींवरून अंगठा फिरवला.

“काय तपासतेस? तुझी प्रयोगशाळा नाही ती,” बाबा म्हणाले.

“वाळू झटकतेय.”

वळायला तिला त्यांनीच शिकवलं होतं, तेही स्वयंपाकघरात. फरशीवर लोड टाकून तिला त्यावर बसवायचे. “डावा गुडघा उचल. होडी उजवीकडे कलली की नाक डावीकडे वळतं. पण कलायचं होडीनं, आपण नाही!” लोड कलंडायचा, ती ताठ राहायची. आई भांडी विसळता विसळता म्हणायची, “आधी पोरीला पोहता येऊ दे, मग कलवा काय कलवायचं ते.”

पुढे समुद्रात नेलं तेव्हा म्हणाले, “लाटेच्या माथ्यावर वळायचं. तिथे दोन्ही टोकं हवेत असतात, एका वल्ह्यात काम होतं. खाली सापडलीस तर बस झगडत.”

आई गेली, लोड कुठेतरी गेला. किनाऱ्यावरचा कयाक शिकवण्याचा रविवारचा वर्ग मात्र बाबा अजून चालवत होते. “आता तू घे ना,” असं दर हंगामात म्हणत. ती दर वेळी म्हणे, “बघू.”

आज लाटा बऱ्यापैकी होत्या. दोघं किनाऱ्याला समांतर बरंच पुढे गेले. परतायचं ठरलं तेव्हा किनारा डाव्या हाताला होता. तिने एक माथा गाठला, डावा गुडघा उचलला, एकच वल्हं मारलं. नाक किनाऱ्याकडे आलं.

मागे पाहिलं, तर बाबा उजवीकडे वळत होते. खुल्या समुद्राकडून, भला मोठा फेरा घेत. मध्येच एक लाट आडवी आली. होडी डचमळली, त्यांनी वल्हं पाण्यावर आपटून कसाबसा तोल सावरला.

ते जवळ येईपर्यंत ती थांबली.

“हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, बाबा?”

“हवा खायला.”

“डावा गुडघा कधीपासून उचलत नाही?”

“उचलतो की. आधी बराच विचार करतो, एवढंच.”

“आणि शिकायला येणारे?”

“तेही उजवीकडेच वळतात. अजून कुणाची तक्रार नाही.”

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही.

“मग शिकवणं थांबवलंत का नाही?”

बाबांनी मिशीवरचं खारं पाणी पुसलं.

“थांबलो असतो गं. पण होड्यांच्या शेडला कुलूप घालवेना. आणि तुझं ‘बघू’ चाललं होतं.”

ते सहज बोलले, हवेबद्दल बोलावं तसं. तिने हात लांब करून त्यांच्या होडीची कड धरली. पुढची लाट दोन्ही होड्यांना खालून उचलत गेली.

“या रविवारपासून वर्ग मी घेते,” ती म्हणाली.