न भुंकणारं पिल्लू

दर्यापूरच्या अलीकडे, पूर्णेच्या काठी राहणारा देवीदास शिकारी कुत्र्यांच्या पिल्लांचा मोठा पारखी होता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. खोटं नव्हतं ते. चाळीस वर्षं त्याने निवडलेली पिल्लं माळावर सशांमागे, हरणांमागे धावली होती. पंचक्रोशीत कुणाची कुत्री व्याली की पहिलं बोलावणं त्यालाच. इतकी वर्षं वाहवा ऐकून त्याचे कान दुसरं काही ऐकायला तयार नव्हते.

पण आता माळ राहिला होता कुठे? कुठल्याशा परमुलखात लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि इकडे वऱ्हाडात लोकांना कपाशीचं वेड लागलं होतं. गवत नांगरलं, पडीक नांगरलं, गुरांच्या वाटासुद्धा सोडल्या नाहीत. ससे गेले, हरणं गेली. नदीकाठच्या झुडपांत रानडुकरं तेवढी उरली. साऱ्या शिवारात ज्वारी एकट्या देवीदासच्या वावरात, म्हणून डुकरंही रोज तिथेच जेवायला येऊ लागली.

"बा, डुकराचं कुत्रं पायजे आता," त्याचा एकुलता एक मुलगा चंद्रभान म्हणाला. "नाईतर वर्षाची भाकर गेली समज."

नदीच्या पात्रात वांगी-टरबुजं लावणाऱ्या गंगूबाई माळिणीच्या कुत्रीची पिल्लं तेव्हा दोन महिन्यांची झाली होती. बापलेक तिकडे गेले. चार पिल्लं होती. देवीदासने एकेकाचे पाय दाबून पाहिले, छाती बोटांनी मापली, जबडा उघडून टाळू पाहिला. मग त्याची नेहमीची परीक्षा: पिल्लू टोपल्याखाली झाकायचं आणि बाजूला बसून राहायचं. तांबड्या पिल्लाने असा गोंधळ घातला की पलीकडच्या काठावरची माणसं बघायला लागली. काळं पिल्लू मात्र हूं की चूं न करता कड उकरत राहिलं आणि शेवटी फटीतून बाहेर आलं.

"हेच," देवीदास म्हणाला. "आवाज नाई करत. जनावराले पत्ताच लागत नाई मंग."

"देवीदासभाऊ, डुकरासाठी नेऊन राहिले ना?" गंगूबाई म्हणाली. "मंग तांबडं न्या. डुक्कर पळत नाई, दबून बसते. ते कुठं हाय हे मानसाले कसं समजन? कुत्र्यानं दुरून बोंबललंच पायजे."

"चाळीस वर्षं झाली मले या कामात," देवीदास हसून म्हणाला. "तू आपले वांगे निवड."

गंगूबाईच्या सुना हसल्या. चंद्रभान हसला नाही. त्याने एकदा तांबड्याकडे पाहिलं, काळं पिल्लू उपरण्यात गुंडाळलं आणि बापाच्या मागून चालू लागला.

वर्षभरात कुत्रं असं देखणं निघालं की दृष्ट लागावी. लांब पाय, आवळलेलं पोट, आणि तोंडातून आवाज म्हणून नाही. देवीदास येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवी. कुत्र्याला धावायला रानच उरलं नाही, हे काय देवीदासला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण कौतुक कुणाला सुटतं!

मार्गशीर्षात ज्वारीची कणसं भरली. एका सकाळी वावराच्या एका अंगाला ताजी नासधूस दिसली. चंद्रभानने भाला घेतला आणि कुत्रं आत सोडलं. ज्वारी दीड पुरुष उंच. कुत्रं लगेच दिसेनासं झालं. देवीदास धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता. बराच वेळ गेला. आवाज नाही, ज्वारीचं एक ताट हललं नाही. माळावर असं झालं की त्याचा अर्थ एकच असे. जनावर असतं तर एव्हाना बाहेर पळालं असतं.

"बा, काय करू?" चंद्रभानने विचारलं.

"जाय आत," देवीदास ओरडला. "काईच नाई तिथं. कुत्र्याले घेऊन ये."

कुत्रं आत डुकरासमोर दात विचकून उभं होतं, गप्प. चंद्रभान सरळ डुकराच्या पुढ्यात गेला. मांडी फाटली. धोतराने बांधली तरी रक्त थांबेना. दर्यापूरहून वैद्य येईपर्यंत दुपार झाली, आणि तोवर सगळं संपलं होतं.

तेरा दिवस लोक येत राहिले. जो तो नशिबाला बोल लावी आणि देवीदास मान हलवी. आपण काय ओरडलो ते त्याने कुणालाही सांगितलं नाही. सून कौशल्या समोर ताट ठेवी तेव्हा त्याला तिच्या तोंडाकडे पाहवत नसे. सांगून टाकावं असं रोज वाटे, आणि रोज जीभ उचलत नसे. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, एवढाच विचार दिवसभर त्याच्या डोक्यात फिरत राही.

चौदाव्या दिवशी गंगूबाई आली. आता ही बोलणार, असं त्याला वाटलं. बोलावंच तिने, साऱ्या गावासमोर, म्हणजे सुटलो. पण ती ओसरीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "आठ दिवस आधी चंद्रभान भेटला होता मले नदीवर. म्हनलं, बाप्पा, तुहं कुत्रं डुकराच्या कामाचं नाई. माहा तांबडा ने हंगामापुरता. त नाई म्हने."

"काहून?" देवीदासने विचारलं.

"म्हने, बाले वाईट वाटन."

एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. पण म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून ती पुढे म्हणाली, "मंग तुले भेव नाई लागत का, म्हनलं, त हासला. म्हने, काकू, बा धुऱ्यावर उभा राहते ना. त्यानं सांगतल्याबिगर मी आत पायच टाकत नाई."

आत कौशल्या भांडी घासत होती. तिचे हात थांबले. ती उठून दारात आली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहून तिने विचारलं, "मामाजी, मंग त्या दिवशी तुमी काय सांगतलं त्याईले?"