ओंजळ या नावाची नोंद
"नाव बदलतेय मी. त्याआधी ते ठेवणाऱ्याचं तोंड बघायचं होतं," मुलगी म्हणाली आणि तिने अर्जाचा कागद स्टुलावर आपटला.

मावशी वाटाणे सोलत होती. तीस वर्षं ती दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांच्या खोलीत आया होती. निवृत्त झाली, तरी गल्लीत ती सगळ्यांची मावशीच राहिली.

"नाव काय तुझं?"

"ओंजळ. हसा आता."

मावशी हसली नाही. हातातली शेंग हातातच राहिली.

"वर्गातली पोरं ओंजळ पुढे करून पाणी मागायची. आत्या म्हणते, बापाला नाव ठेवायचीही हौस नव्हती, दवाखान्यातल्या कोणीतरी काहीतरी चिकटवलं. तिथे चौकशी केली, तर तुमचा पत्ता दिला. आई बाळंतपणातच गेली, मी चार वर्षांची होते तेव्हा बाबा गेले, विचारणार कोणाला?"

जुन्या पोथीतलं नाव आहे, अशी थाप मारता आली असती. पोर खूश होऊन गेली असती. थापा मावशीला जमत नव्हत्या असंही नाही.

"कोणी ठेवलंच नाही," ती म्हणाली. "बाळ कुठे ठेवलंय, असा कार्डावर रकाना असायचा. पेटी एक, पेटी दोन. ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या सहाच, आणि तू सातवी. सिस्टर म्हणाली, हिला कुठे लिहू? म्हटलं, माझ्या ओंजळीत आहे, तसंच लिही."

"मग?"

"मग काय! नावाचा रकाना रिकामा. कारकुनाने खालचं उचलून वर लिहिलं आणि दाखल्यावर शिक्का मारून मोकळा झाला. मी भांडायला निघाले, तर तुझ्या बापाने अडवलं. म्हणाला, असू दे, खरं तेच लिहिलंय."

"बाबा तिथे होते?"

"नव्हता कुठे? माझे हात भरून आले की तोच धरायचा. कापसात गुंडाळून, छातीशी. तीन दिवस. शिंकसुद्धा दाबायचा, वेडा."

मुलीने अर्जाची घडी केली आणि सालींच्या ढिगात टाकली.

"कसं धरायचे, दाखवा ना."

मावशीने पदराला हात पुसून पुढे केले. सांधे सुजलेले, करंगळ्या जुळेनात.

"यातून आता सगळं गळेल, बाई."

मुलीने खालून आपले तळवे लावले. मावशीने ते नीट पाहिले.

"अंगठे आत घे," ती म्हणाली. "तुझा बाप असेच घ्यायचा."