वैद्याभोवतीचं कडं

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी रात्रंदिवस चालणारा खडखडाट थांबतो आणि नव्या पाहुण्याला वाटतं, आपले कान गेले की काय. त्या एका सुट्टीला कुणी सिनेमा गाठतं, कुणी आठवड्याचे कपडे धुतं. कामतघरच्या एका चाळीत मात्र चार बाप्ये जेवणं उरकून पंढरीनाथच्या खोलीत दार लावून बसत आणि राक्षस मारत. हसायचं असेल तर हसून घ्या, चाळही हसायचीच.

पंढरीनाथ ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून. एक्क्याण्णव साली त्याला रद्दीवाल्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. प्रत्येकाने कागदावर आपलं एक पात्र लिहायचं, त्याला गुण वाटून द्यायचे. सूत्रधार गोष्ट सांगत जाणार आणि पात्रं फाशांवर जगणार नाहीतर मरणार, असा तो खेळ. पठ्ठ्याने डिक्शनरी घेऊन आठ महिन्यांत सगळे नियम मराठीत एका लांबोड्या रजिस्टरात उतरवले आणि सूत्रधारही तोच झाला, खेळातला 'मास्तर'. पण वीस बाजूंचा फासा भिवंडीत कुठून मिळणार? मग दौलतने कारखान्यातून बाण्याचं सूत गुंडाळायच्या वीस रिकाम्या कांड्या आणल्या. त्यांवर एक ते वीस आकडे घालून पिशवीत टाकल्या. हात घालायचा, निघेल ते आपलं नशीब.

दौलत आणि वाल्मीक एकाच कारखान्यात, शेजारीशेजारी चार-चार लूमवर. एक भाकरी खायला बसला की दुसरा आठही लूम सांभाळणार, हे दोघांत कधी बोलावंसुद्धा लागलं नव्हतं. जेवताना वाल्मीकने एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.

त्यामुळे खेळाच्या पहिल्याच शुक्रवारी दौलत म्हणाला, "मी तलवार घेतो, केसरी धनुष्य घेईल. तू वैद्य हो. सगळे गुण औषधात टाक. तुला कोण हात लावतो ते आम्ही बघू ना!" तेव्हा वाल्मीकने फार डोकं चालवलं नाही. केसरी म्हणजे चाळीतलाच टेलर, केसरीनाथ. त्यानेही मान डोलावली.

दोन वर्षं हा करार चालला. पात्र खेळात एक पायरी वर चढलं की पाच नवे गुण मिळत. वाल्मीक पाचही औषधात टाकी. तलवार शून्य, ढाल शून्य. लढाई पेटली की दोघं त्याच्याभोवती कडं करून उभे राहत आणि पडलेल्याला तो उठवी. कारखान्यात त्याला "ए चार नंबर" म्हणत, इथे "वैद्य, धाव!" अशी हाक यायची आणि त्याची छाती फुगायची. हे तिघं मिळून जिथे निघाले होते ते पाताळदार आता एका शुक्रवारावर आलं होतं. त्या दोघांच्या बरोबरीने त्या दारातून आत जायचं, एवढंच वाल्मीकच्या डोक्यात होतं.

त्या शुक्रवारी दारासमोर सर्पमानव चालून आले. वाल्मीक सवयीने म्हणाला, "कडं करा."

केसरीनाथ चहाच्या कपात बघत राहिला. दौलत म्हणाला, "मी दाराकडे धावतो."

"वैद्यावर हल्ला," पंढरीनाथ म्हणाला. "कांडी काढ."

चार निघाले. वाल्मीक कसाबसा वाचला आणि त्याने स्वतःला औषध दिलं. पंढरीनाथने निम्मीच ताकद भरली.

"मास्तर, निम्मी का?"

पंढरीनाथने रजिस्टर उघडून पुढे सरकवलं. पान गेल्या शुक्रवारचं. त्या दिवशी वाल्मीक आत्याला, बायजाबाईला, बघायला दिघाशीला गेला होता. वैद्यामुळे कुणी मरतच नाही, मग खेळात मजा काय, ही केसरीनाथची तक्रार. म्हणून तोल राहावा यासाठी औषधाची ताकद निम्मी. त्या बदल्यात प्रत्येकाला आपले गुण एकदा नव्याने वाटून घ्यायची मुभा, पण दारापाशी पोचण्याआधी. खाली तीन सह्या. पहिली दौलतची.

"मला कोणी बोलला न्हाय?"

"दौलत म्हणाला, मी सांगतो, रोज भेटतोच," पंढरीनाथ गोंधळला. "तू कागद तसाच ठेवलास, मला नवलच वाटलं होतं."

आठवडाभर रोज बारा तास दौलत त्याच्या शेजारी उभा होता. विडी मागितली, क्रिकेटवर बोलला, आत्याचंही विचारलं. कागद फाडून निघून जावं असं वाल्मीकला वाटलं, पण दार समोरच होतं.

तेवढ्यात दौलतच्या कांडीवर एक आला. तलवारबहाद्दर दारापासून दोन पावलांवर कोसळला.

"वाल्या, उचल की रे!"

औषध एकदाच पुरेल इतकं उरलं होतं. दौलतला द्यावं किंवा स्वतःला. वाल्मीकने आपला कागद खालीवर बघितला. त्यावर मारायला काही नव्हतं, अडवायला काही नव्हतं. पडलेल्याला उठवणं, याखेरीज त्याने दोन वर्षांत काही कमावलंच नव्हतं.

"दौलतला दिलं," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःची कीव आली.

दौलत उठला, दारातून आत गेला. मागोमाग केसरीनाथ. वाल्मीकच्या हातात दोनची कांडी आली. पंढरीनाथने पट्टी धरून त्याच्या कागदावर तिरकी रेघ मारली, वैद्य मेला.

खेळ संपल्यावर चाळीच्या नळावर दौलत तोंड धूत होता. वाल्मीक त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "एवढा आठवडा शेजारी होतास. सांगितलं का न्हाय?"

दौलत ओशाळला नाही, चिडलाही नाही. दोस्ताला हिशेब समजावून सांगावा तसा बोलला, "अरे, सांगितलं असतं तर तू पण गुण फिरवले असतेस. ढाल घेतली असतीस. मग दारापाशी मला उचललं कोणी असतं?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. वाल्मीकला ते लगेच पटलं, आणि पटलं हेच त्याला सोसवेना.